गडावरून परत आलेली

माय, तुला जाऊन बावीस वर्षं झाली. पोथी वाचून झाली आणि कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, आलेली पत्रं मीच वाचून दाखवायची. हे वाचून दाखवायला आता कोणी नाही.

मी मॅट्रिकला होते तेव्हाचा मार्गशीर्ष आठवतो. हिवरखेडच्या घरी सतीच्या दगडापुढचा नैवेद्य तू चुलीपाशी आणतेस आणि स्वतःच खायला बसतेस. मी म्हणते, "माय, हा गाईले द्याचा असते ना?" तू म्हणतेस, "मेलेलीचा गाईले देतात. ते तं जगली होती." मग भाकर थापता थापता तू सांगितलंस. इंग्रजांनी गाविलगडाला वेढा घातला, तोफांनी भिंत पडली, तेव्हा शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून आतल्या पुरुषांनी आपल्याच बायकांवर तलवार चालवली. आपल्या घराण्यातली ती मानेवर वार घेऊन प्रेतांत पडून राहिली, शुद्ध आल्यावर रानातून पायी घरी आली. इकडे तिचं तेरावं उरकलं होतं, दगडही बसवला होता. "सासऱ्यानं दारातूनच म्हटलं, तू तं सती गेली, आता माघारी काहून आली?" सासूनं मात्र मागच्या दारानं आत घेतलं, ऊन भाकर वाढली. पुढं कितीतरी वर्षं ती जगली म्हणे, मानेला पदर लपेटून, आणि दर मार्गशीर्षात आपल्याच दगडाचा नैवेद्य खायची. मला हसू आलं. तू पिठाच्या हातानं पाठीत धपाटा घातलास. "दात नको काढू. दारी बाई आली का पहिले ताट मांडाचं, इचारपूस मंग."

माय, तुझी नात तीन वर्षांपूर्वी अमरावतीहून अशीच आली. दुपारी, न कळवता, इथं जठारपेठेतल्या घरी. मनगट सुजलेलं. मी ताट मांडलं नाही. आधी विचारलं, "तिकडे सांगून आलीस का?" ती म्हणाली, "आई, चार दिवस राहू?" मी वरणाला फोडणी देत होते. म्हटलं, गुरुवारी उद्यापन आहे, बायका येतील, विचारतील. चारच्या बसनं ती गेली. आता ती नवऱ्याकडेही नाही, अमरावतीतच कुठं खोली घेऊन राहते. पत्ता देत नाही. सणाला मला फोन करते, दोन मिनिटं. बापाशी बोलत नाही.

बसस्टँडवर तिनं विचारलं होतं, "बाबा नको म्हणाले का?" मी हो म्हणून मान हलवली. यांना ते ठाऊक नाही. फोन वाजला की हे टीव्हीचा आवाज कमी करतात, मी फोन ठेवला की विचारतात, "माह्याबद्दल काही म्हणाली?"

हे पान खरं तर तिला लिहायचं. तेवढी हिंमत नाही, म्हणून तुला. त्या दिवशी हे म्हणाले होते, "राहू दे तिले, पोरगी थकून आली." तिची पिशवी यांनी आत नेऊन पलंगाखाली सरकवली होती. वाकून ती मीच बाहेर काढली.