बंद पडलेली शर्यत

मखमलाबाद, नाशिक
२१ नोव्हेंबर २००४

प्रिय ताई,

भाऊबिजेला साई समाधानच्या पलंगाला लटकून "मामा, गाडी लाव ना" म्हणत होता, आणि तू मला विचारलंस की तो खेळ का चालत नाही. मी म्हणाले, कॉम्प्युटरचं कार्ड जळलंय. ते खोटं होतं. कार्ड ठणठणीत आहे. खरं काय ते फोनवर सांगता आलं असतं, पण तुमचा फोन बैठकीत असतो आणि फोनशेजारी तुझ्या सासूबाई. म्हणून पत्र, आणि तेही तुझ्या बालवाडीच्या पत्त्यावर, म्हणजे तुझ्याच हातात पडेल. मुलं घरी गेल्यावर वाच.

खेळ तुला माहीत आहे. लाल गाडी, डोंगरातला रस्ता, आठ गाड्यांची शर्यत. समाधानचे पाय गेले, मग दंड गेले, तरी मनगटापुढचा हात राहिला होता. कीबोर्ड फळीवर ठेवून कोपराखाली उशी दिली की बाणांची चार बटणं त्याला पुरत. नाना मार्केटला झेंडू टाकून आले की हातपाय धुऊन सरळ त्याच्या पलंगाच्या कडेला बसत. त्यांना खेळातलं काही कळत नाही. ते फक्त विचारायचे, "काय पाटील, आज कितवा?" समाधान म्हणायचा, "दुसरा." "पहिला कोन मग?" "कॉम्प्युटर." "त्याला कोन हरवनार? त्याला ना भूक ना झोप." रोज एवढंच. दुसरं काही बोलणं त्या दोघांत मी फारसं ऐकलेलं नाही. त्या नंबरावरून नाना पोराची तब्येत ठरवत होते, हे मला उशिरा समजलं.

खंडेनवमीला आईने नेहमीप्रमाणे पूजा मांडली. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर, नानांची गाडी आणि कॉम्प्युटर. दरवर्षी ती मॉनिटरला कुंकवाचं बोट लावून थांबते. यंदा मी मळ्यात फुलं तोडत होते, आणि तिने खेळाची सीडी बाहेर काढून तिलाही हळदकुंकू वाहिलं. चकचकीत बाजूला. तिच्या लेखी सीडीचं तोंड तेच. झेंडूच्या गर्दीत तीन-चार दिवस नानांना बसायला जमलं नव्हतं. दसऱ्याच्या संध्याकाळी ते येऊन बसले, समाधानने खेळ सुरू केला, पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं आणि निघून गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आई दारातूनच म्हणाली, "मीच कुंकू लावलं. रुसली ती माझ्यावर." नाना हसले. "तुला कोनी सांगितलं व्हतं तिची ओटी भरायला?" त्यांनी गंमत केली होती, पण आई त्या दिवशी जेवली नाही. सणाच्या दिवशी आपल्या हातून पोराचं उरलेलं एवढंसं सुखही गेलं, असं तिने धरून ठेवलं.

रविवारी मी दुरुस्तीला बसले. कामावर करते तसंच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सीडी धुतली, मधून कडेकडे पुसली. मशीनने ती पूर्ण वाचली, तरी खेळ सुरू होईना. बाकी सगळं चालत होतं. डिस्प्लेचा ड्रायव्हर पुन्हा टाकला. साउंड कार्ड काढून पाहिलं. मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासून बसवल्या. फरक नाही. मग सीडीवरचं फोल्डर आणि डिस्कवरचं फोल्डर शेजारी शेजारी उघडून एकेक नाव जुळवत गेले. डिस्कवर एक फाइल कमी होती. ती रिसायकल बिनमध्ये मिळाली. खंडेनवमीच्या दोन दिवस आधी, दुपारी, कोणीतरी ती तिथे टाकली होती. त्या वेळी आई आणि नाना मळ्यात होते, मी सातपूरला कामावर. घरात एकटा समाधान. कुंकवाचा संबंधच नव्हता.

तो मागून बघत होता. मी न वळताच विचारलं, पुरती पुसून का नाही टाकलीस? तो म्हणाला, "टाकणारच होतो. बोट दमलं." मला ती थट्टा वाटली. वळून पाहिलं तर त्याने उजवा हात उशीवर पसरून ठेवला होता. म्हणाला, "बघ, करून दाखवतो." मधलं बोट हललं. बाकीची नाहीत. "महिना झाला, मी आठवाच येतोय, मंजूताई. नानांना दुसरा सांगतो. पडद्यावरचं इंग्रजी त्यांना कुठे कळतंय? पण शेवटी खेळलो तेव्हा गाडी जागची हललीच नाही. ते तर दिसतं ना." मग तोच म्हणाला, "मशीन गेलं म्हणून सांग. मशीन गेलेलं त्यांना चालतं."

मी तसंच सांगितलं. आईला बाजूला घेऊन म्हणाले, कुंकवाने काही झालेलं नाही, कार्ड जळलंय. तिने मान हलवली, विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही. नाना म्हणाले, "मग नवं आन." जुनं मॉडेल आहे, मिळत नाही, असं मी सांगितलं. तरी ते संध्याकाळी येऊन त्याच कडेला बसतात, काळ्या पडद्याकडे तोंड करून. विचारायला आता काही नाही. मी आत जाते तेव्हा नाना उगाच उठून कुत्र्याला भाकरी घालायला जातात.

बोटांसाठी मी समाधानला डॉक्टरांकडे नेलं. आई बरोबर होती. डॉक्टर तरुण आणि सरळ बोलणारे होते. त्यांनी बोटं तपासली, छाती बराच वेळ ऐकली आणि म्हणाले, हातांचं सोडा, आता काळजी श्वासाची. किती दिवस, असं मी विचारलं. त्यांनी आकडा दिला नाही. समाधान छताच्या पंख्याकडे बघत होता. मग त्यांनी विचारलं, बहिणी किती? लग्न झालेली कोणी? तिला मुलगा आहे का? तिन्ही उत्तरं मी दिली. हा स्नायूंचा आजार बहुतेक वेळा आईकडून येतो, ताई. मुलीच्या अंगात असला तरी सहसा दिसत नाही. ती चांगली चालते, काम करते, संसार करते. आणि तिला मुलगा झाला तर त्याला तो असायची शक्यता निम्मी. हे ऐकताना मी आईकडे पाहिलं. तिला धक्का बसलेला नव्हता.

घरी आल्यावर ती शेवंतीच्या वेण्या करायला बसली तेव्हा मी विचारलं. हात न थांबवता ती म्हणाली, "समाधानला मुंबईला दावलं तवाच तिथल्या डॉक्टरनं सांगितलं व्हतं. तुझ्या नानाला बी ठाव नाय. छायाची सुपारी फुटायची व्हती. पोरीत दोष हाय म्हनल्यावर आपल्या दारात कोन उभं राह्यलं असतं? आन आजून तुझं व्हायचंय." मग वेणीला गाठ मारून, "वनीच्या देवीला बोलले व्हते मी. छायाला पोरगीच दे म्हनून." तुझ्या दिवसांत ती गुडघे दुखत असताना गड चढून गेली होती. तू तेव्हा रुसली होतीस, सगळ्यांच्या आया नातू मागतात आणि माझीच नात मागते म्हणून. ती का मागत होती ते हे. तुला काही कळवायचं नाही, अशी शपथ तिने मला घालायला पाहिली. मी शपथ न घेता उठून गेले. तिच्यावर मी चिडलेली नाही. पण तिने जे केलं ते मी करणार नाही.

भाऊबिजेला ओवाळणं झाल्यावर साई फरशीवरून उठला ते आठव. आधी पालथा झाला, तळवे जमिनीला टेकवले, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, स्वतःच्याच अंगावर चढून जावं तसा उभा राहिला. तू म्हणालीस, "आले बघा आमचे म्हातारबा," आणि दाजी हसले. समाधान चार वर्षांचा असताना असाच उठायचा, आणि आपण दोघीही अशाच हसायचो. त्या दिवशी आई हसली नाही. तिने माझा दंड धरला आणि साई तिच्याकडे येईपर्यंत सोडला नाही. माझं चुकत असेल, चुकावं अशी माझी इच्छा आहे. पण नुसत्या इच्छेवर राहू नये. सीपीके नावाची साधी रक्ताची तपासणी आहे. येत्या शनिवारी आईला बरं नाही असं सांगून साईला घेऊन ये, मी सीबीएस स्टँडवर थांबते. माझंही रक्त त्याच दिवशी देणार आहे. सासूबाई दुसऱ्या पाळण्याचं बोलत होत्या, त्यांना तोवर हो म्हणू नकोस. निकाल वाईट आला तर तुझ्या घरात लोक म्हणतील की हे पोराला तुझ्याकडून आलं. ते बहुधा खरं असेल, आणि तरी त्यात तुझा गुन्हा नसेल. ही दोन्ही वाक्यं तू आधी माझ्याकडून ऐकावीस, त्यांच्याकडून नाही, एवढ्यासाठी हे लिहिलं.

तुझीच,
मंजू