सहीआधीची सहल

२ मे, शनि.
दादाचा फोन. स्वतःहून! बाबांच्या वर्षश्राद्धानंतर पहिल्यांदाच. "पुढच्या रविवारी राहीला पार्कात नेऊ. एक्स्प्रेसवेच्या पुढचा तो मोठा. तिकिटं मी काढतो."
राही चार वर्षांची झाली. मामाने आजवर साधा फुगा घेऊन दिला नाही पोरीला. आणि आता एकदम पार्क.
हो म्हटलं. राही पायाशी उभी राहून ऐकत होती, नाही म्हणायची सोय कुठे होती.

३ मे
भाजी निवडता निवडता नवऱ्याला सांगितलं. सं. हसला. "पार्क त्याचा, सही तुझी."
म्हणजे माझ्या एकटीच्याच डोक्यात आलं नव्हतं तर. बाबा गेले, आता आमच्या गावची, नेऱ्याची जमीन दादाच्या आणि माझ्या नावावर यायची. विमानतळाच्या नादाने तिकडे जो तो जमिनी शोधत फिरतोय. माझा हिस्सा सोडून हक्कसोड करून दे असं दादा अजून तोंडाने म्हणालेला नाही. वहिनी मात्र दिवसकार्यात कुणाला तरी म्हणाली होती, "वन्संना काय कमी हाय? नवीन पनवेलला फ्लॅट हाय." मी आत पानं मांडत होते. ऐकलं सगळं.
थोड्या वेळाने सं. म्हणाला, "गट नंबर काय गं तुमचा?"
याला कधीपासून गट नंबर लागायला लागले?

५ मे
क्लिनिकला दुपारनंतर सुट्टी. आत्याकडे शिरढोणला जाऊन आले. पार्कचं सांगितलं तर आत्या पदर तोंडाला लावून इतकी हसली की ठसका लागला. "आता पार्कात नेतात व्हय? मला त्र्यंबकेश्वराला नेलं व्हतं. गाडीत पुढं बसवलं, नारळ फोडला, येताना कचेरीत. सई केली, साडीचोळी घेतली नि घरी आली."
"राग नाय आला?"
"कशाला? जमीन गेली, पन भाऊ तर राहिले. अजून गणपतीला गाडी पाठवतात."
त्या भावांत आमचे बाबाही होते.

८ मे
दादाचा मेसेज. "दोघींचं आधार घेऊन ये."
बघा! पार्कात झोपाळ्यावर बसायला आधार कार्ड लागतं का कुठे? सं. म्हणतो रविवारी रजिस्ट्रेशनचं ऑफिस बंद असतं, उगाच काहीतरी. ऑफिस बंद असेल, वकिलाचं घर तर उघडं असतं.

९ मे
राहीची तयारी: टोपी, गॉगल, जादाचे दोन फ्रॉक, चकली. माझी तयारी: दोन्ही आधार कार्डं कपाटात, आतल्या कप्प्यात. नेणार नाही. विसरले म्हणेन.
सं. येत नाहीये. त्याची ड्यूटी. खरंच आहे की भावाबहिणीच्या मध्ये नको म्हणून काढलेली, देव जाणे.

१० मे, रवि.
पाय सुजलेत, पण आजच लिहायला हवं. उद्यापर्यंत मी सगळं गोड करून टाकेन.

सकाळी सातला दादा खाली हजर. गाडी धुतलेली. मला म्हणाला, "पुढं बस." पुढं! मला आत्या आठवली. म्हटलं राहीला एकटीला मागे भीती वाटते, मागेच बसले.

तिकिटाच्या खिडकीवर आधार मागितलं. रायगडवाल्यांना सवलत होती, म्हणून हवं होतं. एवढंच. मी पर्समध्ये खोटं खोटं शोधलं. दादा माझ्या हाताकडे बघत होता. त्याने वरचे पैसे भरले. लाज वाटली. मग वाटलं, न कुरकुरता पैसे भरणारा आमचा दादा नव्हेच. लाज गेली.

राहीला मोठ्या झुल्यावर घेईनात. काठीशी उभी करून उंची मोजली, चार बोटं कमी भरली. अशी रडली की लोक बघायला लागले. मी चकली काढतेय तोवर दादाने तिला खांद्यावर घेतलं. "आता बघ, तुज्याएवढा उंच कोन हाय हितं?" मग फिरत्या घोड्यांवर तिच्या शेजारच्या घोड्यावर हा बसला. मिशा, पोट, मनगटात कडं. घोडा वर गेला की "ओ आई" म्हणायचा. राही हसून हसून घसरत होती. मी फोटो काढले. काढताना मनात, नंतर हेच फोटो वहिनी पुढे करणार. 'एवढं केलं आमी.'

अस्वलाचा वेश घातलेला एक माणूस हात मिळवायला आला तर राही किंचाळली. पळाली. माझ्याकडे नाही, दादाकडे. त्याच्या शर्टात तोंड खुपसून उभी. मला वाईट वाटलं, सरळ लिहिते. मुलीला मामा इतका लगेच आवडावा हे मला नको होतं. उद्या सही दिली नाही तर तिचा मामा जाईल. माझा भाऊ जाईल तो वेगळाच.

होडीतून अंधाऱ्या बोगद्यात नेतात. मधे काहीतरी धाडकन वाजलं तर त्याने माझा हात धरला, गच्च. विहिरीत पोहायला शिकवायचा तेव्हा मी धरायचे तसा. बाहेर उजेड आल्यावर सोडला आणि रुमालाने उगाच मान पुसली.

जेवताना मला राहवलं नाही. राही बटाट्याच्या काड्या सॉसमध्ये बुडवत होती. म्हटलं, "दादा, सही कधी करायची ते एकदा सांगून टाक. नुसतं फिरवू नकोस."
त्याचा घास हातातच राहिला.
"आज नको गं. आज पोरीचा दिवस हाय."

आज नको.
म्हणजे एरवी हो? की मी असलं काही बोलायलाच नको होतं? दिवसभर तेच डोक्यात. पुढे काय काय बघितलं, आठवत नाही.

येताना राही झोपली. पनवेलला न शिरता गाडी नेऱ्याकडे वळली. "कुठे?" "घरी. वहिनी वाट बघते." घरी वकील नव्हता. वहिनी होती, आमरस होता, निघताना ओटी भरली. साडी. भारीतली. वहिनी म्हणाली, "बाबांचं वर्ष व्हतं ना, वर्षभर सन नाय, काय नाय. तुमाला बोलवता पन येईना. हे म्हनले, पयला आनंद बहिणीचा करू, नि राहीला फिरवू."
वहिनीच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी.
साडीचोळी झाली. आत्याच्या हिशोबाने फक्त सई राहिली.

११ मे
राही उठल्यापासून घोडा घोडा खेळतेय. उशीला "ओ आई" म्हणायला लावते.
सं.ला साडी दाखवली. तो म्हणाला छान आहे. मग म्हणाला, "नेस ना मग." घडी मोडली नाही. घडी मोडली की घेतली असं होईल.

१४ मे
दादाचा फोन नाही. चार दिवस. आला असता तर म्हटलं असतं बघा, आला. नाही आला तर वाटतंय, रागावला. मीच जेवताना बोलायला नको होतं. पण का नको? बाबांची मी पण मुलगीच ना. हे दादाला सांगायचं असतं आणि दादासमोर तोंडातून 'कधी करायची' येतं, 'करणार नाही' येत नाही.
सं. म्हणतो, हिस्सा माग सरळ. सं.ला भाऊबीजेला कोणाकडे जायचं नसतं.

१६ मे, शनि.
दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, आंबा यंदा कमी आहे म्हणाला. मग आवाज उतरवून, "सोमवारी मोकळी हायेस का? ऑफिसात जायचं हाय. बाबांच्या जमिनीचं."
नुसतं ऑफिसात. वारस म्हणून नाव लावायचं तर तलाठ्याकडे. हक्क सोडायचा तर रजिस्ट्रारकडे. दोन्ही ऑफिसंच. कुठल्या, एवढंच विचारायचं होतं.
"येते," म्हटलं.
पुढे विचारणार तेवढ्यात राहीने फोन ओढून घेतला. मामा, मामा, घोडा. तो तिकडून हसत होता, मोठ्याने. बाबा गेल्यापासून असा हसलेला ऐकला नव्हता. तिचं झाल्यावर फोन माझ्या हातात आला, चालूच होता. दादा म्हणाला, "बोल, काय म्हनत व्हतीस?"
काही नाही, म्हटलं.
तो तलाठ्याकडे म्हणाला असता तरी माझा विश्वास बसला नसता. ते मला फोन हातात असतानाच कळलं, म्हणून नाही विचारलं.
क्लिनिकच्या डॉक्टरांना मेसेज करून सोमवारची रजा सांगितली.