जंतूंचे अंगरखे

ताइनान, ९ नोव्हेंबर

प्रिय आपा,

तुमचे गुडघे कुरकुरत असतील आणि तुम्ही ते कुणाला सांगत नसाल, हे धरूनच चालते. मी मजेत आहे. तुम्ही पाठवलेले तळ्यातले मासे पोचले. पोटाकडच्या तुकड्यांचा आलं घालून रस्सा केला, प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या.

पत्र कशाला, म्हणाल. फोनवर तुम्ही मला बोलू देता का? मागच्या वेळी मी नुसतं "आपा, ऐका ना" म्हटलं, तर तुमचं सुरू! "ऐकायचं काय त्यात? देवळाच्या भोंग्यावरून सांगून मोकळा झालोय, माझी पोरगी न्यूमोनियाच्या जंतूंचे कपडे उतरवते म्हणून! शनिवारी बारा टेबलांची मेजवानी ठरवलीय!" आणि फोन ठेवलात.

त्या कपड्यांबद्दलच लिहायचं आहे.

हे जंतू महाबेरकी. अंगाभोवती साखरेचा बुळबुळीत अंगरखा घालतात. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला धावतात, पण पकडच बसत नाही. हा अंगरखा उतरवेल म्हणून मी एक औषध घातलं आणि पेशींनी ते जंतू गटागट गिळले. मी नाचले, तुम्हाला फोन केला.

आपा, ते औषधानं झालं नव्हतं.

दर वेळी गोठवून ठेवलेल्या मूळ बाटलीतले जंतू घ्यायचे असतात. मी आळस केला. दोन महिने एका बशीतून दुसऱ्या बशीत तेच वाढवत राहिले. बशीत आयतं खाणं, मागे लागणारं कुणी नाही, मग अंगरखा विणायचे कष्ट कोण घेतो? बगळे नसले की तुमच्या तळ्यातले मासे कसे दिवसाढवळ्या वर येऊन लोळतात, तसंच. अंगरख्याशिवायचे भराभर वाढले, बाकीचे मागे पडले. औषध न घातलेले जंतूही त्याच दिवशी तपासायला हवे होते. मी त्यांचे जुनेच आकडे वापरले.

हे पकडलं त्सुंग-हाननं. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो. "औषधाशिवायही गिळतायत गं," म्हणाला. यंत्रं शहाण्यासारखी वागावीत म्हणून आम्ही त्यांच्यावर खाऊची हिरवी पुडी ठेवतो. मी आधी तिची तारीख संपली का ते पाहिलं. "पुडीला कशाला बोल लावतेस? वही बघ," तो म्हणाला. मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. रोज सकाळी माझ्या टेबलावर गोमांसाच्या सूपची वाटी मात्र गरमागरम ठेवायचा. चौथ्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे जाऊन सगळं कबूल केलं. तो दाराबाहेर उभा होता.

मॅडमनी बिनपाण्यानं केली. मग म्हणाल्या, "उघडे जंतू पुन्हा पेशींमध्ये सोडून बघ." सोडले. आपा, बहुतेक मेले, पण काही पठ्ठे पुन्हा अंगरखा घालून हजर! हे औषध नव्हे, कुणी यानं बरं होणार नाही. तरी त्या दिवशी मला इतका आनंद झाला की बसवेना.

मेजवानी रद्द करू नका. मी येते आणि भोंग्यावरून माझी चूक मीच सांगते. चार लोक हसतील, हसू देत. तुम्ही लाजू नका, एवढंच मागते.

आणि त्सुंग-हानसाठी एक खुर्ची वाढवा. त्याला माशाचे काटे काढता येत नाहीत, दर वेळी एखादा घशात अडकवून घेतो. तुम्ही हसाल. पण माझी चूक जगाच्या आधी मला सांगणारा दुसरा कुणी मला भेटलेला नाही. लग्नाचं मीच विचारलं. तो म्हणाला, "आधी आपांना विचार, मग माझं हो आहेच."

म्हणून विचारते आहे. चार पानं लिहिली, पण विचारायचं होतं ते एवढंच.

तुमच्या उत्तरासाठी जीव टांगणीला लागलेली,
आणि फार फार खूश असलेली तुमची
पेइ-रू