सुनंदाची साक्ष

४ फेब्रु. १९९९
बालवाडी सुटताना हिराबाई आल्या, सून सुनंदाला घेऊन. सुनंदा आत आली, पण बसेना. आपल्याच बौद्धवाड्यातली, बावड्यात उसाच्या मळ्यावर भांगलणीला, तण काढायला जाते. परवा मळेवाल्याच्या भावानं जबरदस्ती केली. एवढंच बोलली. मी पुढं विचारलं नाही.
हिराबाई : "बाई, गावात कळाय नको. पोरीचा संसार हाय."
मग माझ्याकडं आणलंत कशाला, हे मनात.
सुनंदाला म्हटलं, तुला काय वाटतं ते सांग. म्हणाली, "त्यो कालपासनं दारावरनं गाडी नेतोय. हसतोय. ते थांबाय पायजे."

५ फेब्रु.
दवाखाना, मग पो. स्टे. शाहूपुरीतून माझी मैत्रीण शमीम, वकील आहे, स्कूटरवर आली. हवालदार म्हणाला, "मिटवून टाका की आपसात." शमीम म्हणाली, "लिहून घ्या. आम्ही बसलोय." पाच तास बसलो. लिहिलं. पण ॲट्रॉसिटीचं कलम गाळलं. जात काढून बोलला, हे सुनंदानं दोनदा सांगितलं होतं.

९ फेब्रु.
समाजमंदिरात बैठक. जाणती मंडळी म्हणाली, केस वाढवली तर मळ्यातली कामं बंद होतील, चुली कशा पेटायच्या? खोटं नाही ते.
हिराबाई उठल्या. बैठकीत आयुष्यात तोंड उघडलेलं नाही. "तीस वर्सं त्या मळ्यात वाकलो मी. माझ्यावर बी आली हुती येळ. गप बसलो. आता हिनं बी गप बसायचं?"
सुनंदा सासूकडं बघतच राहिली.

१० फेब्रु.
एकही बाई मळ्यावर गेली नाही. चालत पोलिसांच्या मोठ्या साहेबांच्या कचेरीवर गेलो. मला वाटलं होतं पाच-सहा जणी येतील, एकोणीस आल्या. नवा जबाब झाला, महिला पोलिसासमोर. कलम लागलं. संध्याकाळी अटक.
घरी येऊन रडले. का, कोण जाणे.

२२ मार्च
जामीन झाला त्याला. वाईट दिवस. मळ्यानं कुणालाच परत घेतलं नाही. निम्म्या जणींना दुसरीकडं काम मिळालं, बाकीच्या... सुनंदाचा नवरा गवंडी. इतके दिवस केसचं नाव काढलं नव्हतं. आज शमीमला म्हणाला, "तारीख कधी हाय? मी बी येतो."

१४ ऑक्टो.
साक्ष. कोर्टाचं दार बंद, सुनंदा आत, आम्ही व्हरांड्यात. हिराबाईंनी माझा हात सोडला नाही. दोन तासांनी सुनंदा बाहेर आली.
"त्याच्या वकिलानं लय आडवंतिडवं इचारलं. रडू याय लागलं. मग पानी मागून घेतलं, पियालो, आनि बोललो."
उलटतपासणी अर्धीच झाली. पुढची तारीख दिवाळीनंतर. शमीम म्हणते, काही सांगता येत नाही.

१९ ऑक्टो.
सकाळी बालवाडीच्या दारात एक अनोळखी बाई. वारणानगरकडून आलेली, पदर तोंडाशी धरलेला. म्हटलं, या, काय काम होतं?
"तुमच्यापाशी न्हाय. कोर्टात बोलली ती सुनंदा कुठं ऱ्हाती?"
नेऊन सोडलं. सुनंदानं तिला घरात घेतलं आणि दार लावून घेतलं. मी बाहेरच थांबले.