पुतळ्याची छाती

लातूर, शुक्रवार

गुरम्माअक्का, शरणार्थ. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल कोमट करूनच लावता ना? फोनवर विचारलं असतं, पण तुमचा फोन भाऊजी स्पीकरवर टाकतात आणि सगळं दुकान ऐकतं.

तुमच्या मंजुश्रीला पुढच्या वर्षी या अँब्युलन्सच्या वर्गाला यायचंय, तिथं काय काय असतं ते कळव म्हणालात. तर मनाची तयारी रक्ताची नको (आमचं रक्त अजून रंगाचं पाणीच आहे), जिन्याची हवी. स्ट्रेचरवर माणूस घेऊन उतरायचं, आणि माणसाला वाटलं पाहिजे की आपण घरच्या बाजेवर आहोत. वर्गातली पोरं विशीतली. मला मावशी म्हणतात, आणि मावशी म्हणून दर वेळी पेशंट मीच. परवा मान मोडलेली बाई म्हणून मला फळीवर पट्ट्यांनी बांधलं आणि सगळे चहाला गेले. (मान मोडलेल्या बाईनं ओरडायचं नसतं, म्हणून मी गप्प पडून राहिले.) परत आल्यावर रविकिरण म्हणतो, "मावशी, तुमच्यावानी गुणाचा पेशंट न्हाई!"

अवघड जागा वेगळीच आहे. सरावाला रबरी पुतळा असतो, कमरेखाली काहीच नाही. श्वास थांबलेल्या माणसाच्या छातीच्या मधोमध तळवे ठेवून जोरात, न थांबता दाबायचं. मी बसते, आणि माझा हात आधी त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग बाजूला सारायला जातो, आपल्या माणसांच्या गळ्यात असतं तसं. तिथं काही नसतं. मग हात तिथंच राहतो. पहिल्यांदा पोरं हसली, आता हसत नाहीत. शिकवणाऱ्या साबेरा मॅडम म्हणाल्या, "बाई, इथं थांबलात तर मंगळवारच्या परीक्षेत नापास. पेशंट तुमच्यासाठी थांबत न्हाई."

हे कोसळले तेव्हा तुम्ही होतातच तिथं. ह्यांना दुकानाच्या पायरीवर निजवलं. कुणी कांदा हुंगवला, कुणी पाणी शिंपडलं, भाऊजींनी कपाळाला विभूती लावली. एवढी माणसं वारा घालत होती, पण छातीला हात कुणी लावला नाही, तिथं लिंग होतं, आणि दुसऱ्याच्या लिंगाला शिवत नाहीत. दोष कुणाचा नाही, अक्का. कुणालाच येत नव्हतं. आता मला येतं, आणि तेच जड जातं.

मंजुश्रीला म्हणावं, ये.

तुमची धाकटी जाऊ,
लक्ष्मम्मा

ता.क. मी पुतळ्यापाशी अडते हे भाऊजींना कळू देऊ नका. ("परक्यांच्या अंगाला हात लावायचं शिकायला गेली," असं आधीच म्हणून झालंय.)

ता.क. वरचं राहू द्या, कळलं तरी चालेल. रविवारी भाऊजींना घेऊन या. ह्यांचं लिंग ह्यांच्यासोबत मातीत गेलं, म्हणून ज्याच्या गळ्यात आहे असा माणूस हवा. त्यांनी नुसतं उताणं झोपायचं. मी लिंग खांद्याकडे सारीन आणि तळवे ठेवीन, पुन्हा पुन्हा, हात अडायचा थांबेपर्यंत. दाबणार नाही. जिवंत माणसाची छाती सरावासाठी दाबत नाहीत, हे त्यांना घरूनच सांगून आणा.

ता.क. नाहीच म्हणाले तर एवढंच सांगा: ती पायरी अजून तिथंच आहे, आणि रोज संध्याकाळी तिच्यावर तेच बसतात.