माफीचा अर्ज आणि तुझी पातेली

आये, मी राज्यपालांना अर्ज लिहिलाय. हसू नकोस. तुझ्या ज्या पोराला मामाला दोन ओळी लिहायच्या म्हटलं की घाम फुटायचा, त्यानं चार पानं लिहिलीत. बंदरावर जाळ्याच्या जागेवरून भांडण झालं, मी वल्हं उगारलं, काकांचा हात मोडला आणि मी तीन वर्षं आत काढली, हे तुला काय सांगायचं. पण भोगून झालेली शिक्षाही नावाला चिकटून राहते गं. वालीवच्या कारखान्यात इतकी वर्षं वेल्डिंग केल्यावर आता मला ते शिकवायची नोकरी मिळतेय, आणि पोलिसांच्या दाखल्यात तेच वल्हं आडवं येतंय. म्हणून माफीचा अर्ज. माणिकपूरच्या वकीलबाई म्हणाल्या, ज्यांना मारलंत त्यांनीच हरकत नाही म्हणून सही दिली, तर अर्जाला वजन येईल.

सुटून आलो तो दिवस आठवतो. तू चुलीपाशी मांदेली साफ करत बसलीयेस. अर्धी एका पातेलीत काढून माझ्यापुढे सरकवतेस. "हा वाटा काकांच्या घरी देऊन ये." आपल्यात भांडलेली घरं एकमेकांचा वाटा घेत नाहीत, घेतला की भांडण मिटलं. मला ते कळत होतं, म्हणूनच मी उठलो नाही. शिक्षा भोगून झाली, आता आणखी काय, असं म्हणालो. तू वर न बघता म्हणालीस, "ती सरकारची भोगलीस. त्यांची कवा भोगनार?" मी न जेवता निघून गेलो. ताठ्यात मी तुझ्यावरच गेलोय.

तर गेल्या आठवड्यात काकांच्या दारात उभा राहिलो. एका हातात कागद, दुसऱ्यात पेन. अक्कल बघ माझी. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"रिकाम्या हातानं आलास? आयशीनं काय शिकवलं तुला?"

मग आत जाऊन त्यांनी एक पातेली आणली. तुझी, कानाला पोचा असलेली.

"दर आयतवारी वाटा घेऊन यायची. मी कधी घेतला नाय. ती पायरीवर ठेवून जायची. मांजरी खाऊन खाऊन माजल्या. दुसऱ्या दिवशी येऊन पातेली घेऊन जायची. शेवटच्या खेपेला न्यायला आलीच नाय."

तो तुझा शेवटचा रविवार. मला यातलं काही ठाऊक नव्हतं, मी रविवारी पाय पसरून झोपलेला असायचो.

"रिकामं भांडं कुनी परत देतं का?" काका म्हणाले. "आनि भरून दिलं असतं, तर भांडन मिटलं असतं. म्हनून ठेवून दिली. जा, वाटा घेऊन ये."

आज सकाळी बोट लागताच ताजे बोंबील घेतले, तुझ्यासारखं दाबून, वास घेऊन, कोळणीची बोलणी खात. काकांनी ते डाव्या हातानं घेतले. उजवा हात त्यांचा अजून खांद्याच्या वर जात नाही. तो पाहिला आणि मी म्हणालो, "काका, चुकलो." इतकी वर्षं घशात अडकलेलं इतकंसंच होतं. ते म्हणाले, "ठावं हाय. बस जेवाला." काकींनी बोंबलाचं कालवण केलं, मी तीनदा भात घेतला आणि मांजरांच्या गोष्टीवर आम्ही तिघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. निघताना काकींनी तुझी पातेली कोलंबीनं भरून हातात दिली. ती घेऊन मी अख्ख्या पाचूबंदरातून चालत आलो, सगळ्यांना दिसेल अशी धरून. आये, मी फार खूश आहे आज.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून कोलंबी काढून घेतली की पातेलीत ठेवून देईन. निदान उद्यापर्यंत. कारण घरी येऊन पाहतो तर कागद खिशातच, सहीविना. वकीलबाई ओरडतील. परत जायला हवं, आणि पातेली रिकामी नेता येत नाही.

तुला म्हणून सांगतो, विसरलो नव्हतो. दुसऱ्यांदा भात घेतानाच कागद आठवला होता. काढला नाही.