कुंकू लावलेली चवळी

माय, तुझ्यावर माझा संशय होता आणि तो अजून फिटलेला नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता उलटतपासणीला तू सापडायची नाहीस हे कळतं; पण या आठवड्यात घरात जे चाललंय ते पाहून जुनं प्रकरण पुन्हा उघडावं लागतंय. माझी नात साडेतीन वर्षांची आहे. तिच्या बालवाडीच्या बाईंनी सुट्टीसाठी मोबाइलवर यादी धाडली: कणकेच्या गोळ्या वळणे, दोरीला चिमटे लावणे, मणी ओवणे, मिसळलेली कडधान्यं निवडणे. यानं बोटांत ताकद येते म्हणे, आणि मूल एका जागी बसतं. ते शेवटचं वाचलं आणि मला थेट आपली चूल दिसली.

दुष्काळाचं वर्ष आहे. आबा बैलं घेऊन चारा-छावणीवर गेलेत. टँकर येतो, पाणी विहिरीत सोडतो, आणि सगळं गाव पोहरे घेऊन काठावर तुटून पडतं. विहिरीला कठडा नाही. हॉर्न ऐकला की तू माझ्यापुढं पितळी ताट ठेवतेस. तूर, मूग, चवळी, सगळं एकत्र. शेजारी तीन वाट्या.

"हे सोसायटीचं हाय. चेअरमननं धाडलंय. मी येईस्तोवर निवडून झालं पायजे."

"आन् मी उठले तर?"

"तर नाव कटतं. दुसऱ्या पोरीला देतेत काम."

चार वर्षांची मी, आणि जिल्ह्यातला सगळा सहकार माझ्या दोन बोटांच्या चिमटीत. शेजारची काकू घागर घेऊन जाताना दारातून विचारायची, "चेअरमनबाई, आमाला मेंबर कवा करता?" मी मान वर करत नसे. पदाला शोभत नव्हतं.

पण मला वास आला. रोज ताट तेवढंच कसं? एक अर्धी फुटकी तूर तर ओळखीची वाटू लागली. मग मी तुझ्या करंड्यातलं कुंकू थुंकीनं कालवून एका चवळीला फासलं आणि ती वाटीत टाकली. दुसऱ्या दिवशी ताटात चवळीबाई हजर. धूर दिसला की तिथं अग्नी असतो, हे न्यायशास्त्र मी पुढं पाठशाळेत गुरुजींकडून मोठ्या कष्टानं शिकले; चवळीवर कुंकू दिसलं की त्यामागं आई असते, हे फुकटात कळलं होतं.

मी उठले आणि तुला जाब विचारायला थेट विहिरीवर आले. तू नुकतीच भरलेली घागर कमरेवर घेतली होतीस. मी काठाशी दिसले आणि तू ती सोडून दिलीस. पाणी चिखलात गेलं. माझा दंड असा धरलास की बांगडी रुतली. "कावून आलीस? सोसायटीचं काम टाकून कावून आलीस?" मला वाटलं, पकडली गेली तरी खोटंच बोलतेय. त्या संध्याकाळी काकूनं तांब्याभर पाणी दिलं. तू प्यायली नाहीस. "मला तहान न्हाई," म्हणालीस. त्यावरही माझा संशय आहे. दुसऱ्या दिवशी ताट पुन्हा आलं. पाऊस पडेपर्यंत मी जागची हलले नाही.

आता मी बीडला तिसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरीचा कठडा बुटका आहे आणि नात माकडाची मावशी. परवा मी तिच्यापुढं ताट ठेवलं आणि म्हटलं, सोसायटीचं काम आहे. "आपल्या बिल्डिंगच्या?" मी हो म्हटलं. तिनं माझ्याकडं टक लावून पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती.

आज सकाळी निवडलेल्या वाट्या पुन्हा ताटात ओतताना एका चवळीवर स्केचपेनचा जांभळा ठिपका दिसला. चष्मा नव्हता, तरी दिसला. तेव्हा माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. पायलीभर ज्वारीतला एक खडा तू बोलता बोलता उचलायचीस. तुला ती लाल चवळी दिसली नाही? आणि आठवलं, घागर सांडली त्यानंतरही ती रोज ताटात असायची, कुंकू फिकं झालेलं, बरोबर मधोमध, सगळ्यात वर. म्हणजे मला कळलंय हे तुला कळलं होतं. तू विचारलं नाहीस. मीही तू असेपर्यंत विषय काढला नाही, आणि स्वतःला हुशार समजत राहिले.

हा कागद डाळीच्या डब्याखाली ठेवतेय. तुझ्यापर्यंत पोचायला त्याला यापुढं वाट नाही. एवढंच सांगायचं, जांभळ्या ठिपक्याची चवळी मी फेकून दिली नाही. ती ताटात सगळ्यात वर ठेवली, गॅलरीच्या दाराला कडी घातली आणि नातीला हाक मारली.